सॅम्पलची पिशवी देण्याआधी : विद्यापीठातलं संशोधन कारखान्यापर्यंत नेताना

इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाऊसच्या मालकांनी माझ्या हातातली दोन किलोची पिशवी घेतली, टेबलावर ठेवली आणि सहज विचारलं, "मॅडम, ह्यात काय काय घातलंय?" मी सांगून टाकलं. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख, ती कशात भिजवली, किती तापमानाला भाजली, सगळं. चहा येईपर्यंत माझ्या विद्यार्थिनीची तीन वर्षांची मेहनत मी ओतून मोकळी झाले होते. ते गृहस्थ सज्जन निघाले म्हणून निभावलं. तुम्ही त्या भरवशावर राहू नका.

आमचा पदार्थ कापडाच्या रंगाई-धुलाईतून निघणाऱ्या पाण्यातला रंग शोषून घेतो. तुमचा वेगळा असेल. एखादं सेन्सर, द्राक्षावरचं लेपन, एखादं सॉफ्टवेअर. वाट बरीचशी तीच आहे. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी या कामासाठी वेगळं कार्यालय आणि करारांचे तयार नमुने असतात. राज्य विद्यापीठांत आणि संलग्न महाविद्यालयांत मात्र बहुतेक वेळा एक समन्वयक असतो आणि तो बिचारा आठवड्याचे सोळा तासही घेत असतो. हे लिखाण अशा ठिकाणच्या लोकांसाठी आहे.

१. आधी मालक कोण ते शोधा

संशोधक तुम्ही असलात तरी मालक तुम्ही असालच असं नाही. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यानं सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली. आपल्याकडे तसं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे आपल्याकडे उत्तर दोन कागदांत शोधायचं: अनुदानाचं मंजुरीपत्र आणि विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण. मंजुरीपत्राच्या मागच्या पानावरच्या बारीक अटी कोणी वाचत नाही. वाचा. एकाच कामात दोन संस्थांचा पैसा असेल तर दोन्ही वाचा.

दुसरा घोळ नावांचा. शोधनिबंधात विभागप्रमुखांचं नाव घालायची आपल्याकडे रीत आहे. पेटंटच्या अर्जात ती चालवू नका. ज्यानं कल्पनेत भर घातली तो संशोधक. ज्यानं यंत्र वापरायला दिलं तो नव्हे. ही यादी चुकीची निघाली तर पुढे पेटंटच अडचणीत येऊ शकतं. आणि ज्या विद्यार्थ्यानं खरोखर काम केलं त्याला गाळू नका.

विद्यार्थी हा विद्यापीठाचा नोकर नसतो. त्यामुळे त्याचा हक्क विद्यापीठाकडे आपोआप येत नाही, तो लिहून घ्यावा लागतो. हे हक्कपत्र तो इथे असतानाच सही करून घ्या. आमची विद्यार्थिनी तोवर जर्मनीला गेली होती. सहीचा मूळ कागद कुरियरनं येईपर्यंत मी रोज तारखा मोजत होते, कारण हक्काचा हा पुरावा अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत द्यावा लागतो.

२. वही उघडी, तोंड बंद

प्रयोगाची वही बांधीव हवी, पानांवर क्रमांक हवेत, तारीख आणि सही हवी. सुट्या कागदांवरच्या नोंदींवर वाद झाला की आपली बाजू लंगडी पडते.

तोंडाचं काय? पेटंटचा अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला तर तो 'नवा' राहत नाही. भारतीय पेटंट कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती फार अरुंद आहे: विद्वत्सभेत वाचलेला निबंध, सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन, असे मोजके प्रसंग. तिच्यावर विसंबून कोणी नियोजन करू नये.

स्टॅनफर्डचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. जनुकं जोडण्याच्या तंत्रावरचा कोहेन आणि बॉयर यांचा निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये छापून आला. अमेरिकेत छापल्यापासून वर्षभराची मुदत मिळते. विद्यापीठानं ती संपायला जेमतेम आठवडा असताना, ४ नोव्हेंबर १९७४ ला अर्ज केला. अमेरिकेतलं पेटंट वाचलं आणि पुढे त्यातून सुमारे २५ कोटी डॉलर आले. बाकीच्या जगातले हक्क मात्र निबंध छापला त्याच दिवशी गेले होते.

आमच्याकडे पाणी मुरलं ते एका चर्चासत्रात. विद्यार्थिनीचं पोस्टर मी घाईत मंजूर केलं आणि सारांशाच्या पुस्तिकेत भाजण्याचं तापमान छापून आलं. तो भाग आम्हाला दाव्यांतून, म्हणजे पेटंट अर्जात 'हे आमचं' म्हणून मागायच्या यादीतून, सोडावा लागला. तेव्हापासून आमच्या विभागात पोस्टर, सारांश, वर्तमानपत्राची बातमी, संस्थेच्या यूट्यूबवरचा व्हिडिओ, काहीही बाहेर जाण्याआधी एकच प्रश्न विचारला जातो: अर्ज झालाय का?

पीएच.डी.चा प्रबंधही विसरू नका. तो 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढला की जगाला खुला झाला. खुली मौखिक परीक्षासुद्धा जाहीर करणंच आहे. अर्ज त्याआधी करा. शक्यच नसेल तर प्रबंध काही काळ राखून ठेवावा म्हणून विद्यापीठाला लेखी विनंती करा.

३. प्रोव्हिजनल अर्ज करून तारीख पकडा

महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. ते अँटॉप हिलला आहे, पण तिथे जायची गरज नाही, सगळं ऑनलाइन होतं.

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जानं तारीख पक्की होते आणि संपूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. ही मुदत वाढत नाही. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत आहे: अर्जाचे ८,००० ऐवजी १,६००, तपासणीच्या विनंतीचे २०,००० ऐवजी ४,००० रुपये. त्यासाठी फॉर्म २८ जोडावा लागतो. तो राहिला की मोठी फी मागतात. फीसाठी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची 'कपिला' योजनाही आहे, संस्थेच्या समन्वयकाला विचारा. पेटंट एजंटची फी यापेक्षा वेगळी, आणि खरा खर्च तोच.

लोक इथे तीन ठिकाणी आपटतात.

प्रोव्हिजनल म्हणजे दोन परिच्छेदांची चिठ्ठी, असा समज आहे. जे त्यात लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. असतील तेवढे सगळे आकडे, प्रमाणं, पर्याय घाला.

तपासणी आपोआप होत नाही, मागावी लागते. पूर्वी त्याला ४८ महिने होते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ३१ महिनेच आहेत, आणि जुन्या सवयीनं चालणारे अजून चार वर्षं धरून बसतात. मुदत चुकली की अर्ज मागे घेतला असं समजलं जातं.

तिसरं म्हणजे पेटंट कायद्याचं कलम ३, कशाला पेटंट मिळत नाही ते सांगणारं. दोन पदार्थ नुसते मिसळले आणि दोघांच्या गुणांची बेरीज झाली, तर पेटंट नाही. नुसता संगणक प्रोग्रॅम, नाही. पारंपरिक ज्ञान, नाही. आमच्या राखेवर पहिली हरकत हीच आली, कारण एजंटला आम्ही तुलनेचे प्रयोग दिलेच नव्हते: कोरी राख, नुसती भिजवलेली राख, नुसती भाजलेली राख, असे. ते आधीच करून ठेवा.

फॉर्म १ मध्ये भारतातलं जैविक साहित्य वापरलं आहे का, याबद्दल एक ओळ असते. उसाच्या चिपाडाची राख जैविक की अजैविक, यावर आमच्या विभागात दोन दिवस वाद रंगला. वनस्पती, सूक्ष्मजीव, हळद, काहीही वापरलं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी किंवा मंजुरी लागते का, हे एजंटकडून लेखी घ्या. पेटंट मिळायच्या टोकाशी येऊन फाईल इथे अडकते.

परदेशी अर्ज करायचा तर तोही याच बारा महिन्यांत. भारतात अर्ज न करता थेट बाहेर करायचा असेल तर आधी इथल्या कार्यालयाची परवानगी लागते. भारतात अर्ज केला असेल तर सहा आठवडे थांबलं की पुरतं.

४. कारखान्याचा प्रश्न ऐकायला शिका

खरं तर पेटंटपेक्षा मला याच पायरीनं जास्त शिकवलं.

आम्ही बीकरमध्ये रंगीत पाणी घ्यायचो, चमचाभर राख टाकायचो, तासाभरात पाणी नितळ. पण ते पाणी आमचं होतं: डिस्टिल्ड पाण्यात एकच रंग विरघळवलेलं. प्रोसेस हाऊसचं पाणी गरम असतं. रिॲक्टिव्ह रंग कापडावर चढावेत म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेलं असतं, सायझिंगची खळ धुऊन आलेली असते, आणि सकाळी लाल तर दुपारी काळं असं ते दर पाळीला बदलतं. पहिल्या दिवशी ईटीपीजवळच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेजवळच्या, पिंपात ट्रायल घेतली तेव्हा रंग कमी झाला, पण 'नितळ' हा शब्द कोणी काढला नाही. वर राखेचे बारीक कण गाळ दाबून पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टर प्रेसच्या कापडात बसले. ऑपरेटरनं प्लेटा उघडून कापड दाखवलं आणि काही न बोलता पाइप घेऊन धुवायला लागला.

मालकांनी कार्यक्षमतेची टक्केवारी विचारलीच नाही. त्यांचे प्रश्न असे होते: "किलोलिटरला किती पडणार? गाळ किती वाढणार? आणि तो टाकायचा कुठं?" ईटीपीचा रासायनिक गाळ घातक कचऱ्यात मोडतो आणि तो विल्हेवाटीला पाठवायचे पैसे वजनावर लागतात. आमचा पदार्थ स्वस्त होता, पण गाळ वाढवत होता. हा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. पुढचं वर्षभर आम्ही रंगावर नाही, कणाच्या आकारावर काम केलं: राखेच्या गोळ्या करायच्या आणि वापरून झाल्या की त्या पुन्हा भाजायच्या.

म्हणून करार, पेटंट वगैरेच्या आधी निदान तीन कारखान्यांत जा. सांगायला नाही, बघायला. मालकाइतकाच ऑपरेटर आणि मेंटेनन्सचा माणूस महत्त्वाचा. तुमच्या शोधातून त्यांची कोणती कटकट कमी होते, ते एका वाक्यात सांगता यायला हवं.

तयारी मोजायला टीआरएल नावाची १ ते ९ ची पट्टी वापरतात. ती मूळ नासाची. विद्यापीठातलं बरंचसं काम ३-४ वर थांबतं आणि कंपनीला ७ च्या पुढचं हवं असतं. आपण ४ वर असलो तर ४ च सांगावं. फुगवून सांगितलेला आकडा पहिल्या ट्रायललाच उघडा पडतो.

कंपनी शोधायची कुठे? एमआयडीसीतल्या उद्योजक संघटना, माजी विद्यार्थी, सामान पुरवणारे विक्रेते. पेटंटही जाहिरातीचं काम करतं. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पॉलिकार्बोनेटवरची अमेरिकी पेटंटं पाहून नव्वदच्या दशकात जनरल इलेक्ट्रिक स्वतःहून त्यांच्याकडे आली होती. तुमच्याकडे कोणी येईल याची वाट मात्र बघू नका.

५. आधी गोपनीयतेचा करार, मग सॅम्पल

माझी चूक तुम्हाला माहीत आहेच. पहिल्या भेटीत 'काय होतं' ते सांगा, 'कसं होतं' ते नाही. ते विचारलं की गोपनीयतेचा करार पुढे करा. दोन-तीन पानं पुरतात: कोणती माहिती, कशासाठी, किती वर्षं, कोणाकोणाला दाखवता येईल. सॅम्पल देताना एक कलम हवंच: याचं रासायनिक विश्लेषण करायचं नाही आणि ते तिसऱ्याला द्यायचं नाही.

स्टॅम्पपेपर पाचशेचा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेचा चालत नाही. जुना नमुना हातात घेऊन गेलात तर परत याल.

आमच्याकडे आता सॅम्पलचं रजिस्टर आहे. पिशवी क्रमांक, बॅच, वजन, कोणाला, कधी, कोणत्या करारान्वये आणि उरलेलं परत आलं का. कंटाळवाणं वाटतं. एकदा एका कंपनीनं "तुमचा माल चाललाच नाही" म्हटलं, तेव्हा या रजिस्टरवरूनच कळलं की त्यांच्याकडे गेलेली पिशवी गोळ्यांची नव्हती, जुन्या भुकटीची होती. चूक आमचीच.

६. कोणता करार, ते नीट ओळखा

सामंजस्य करार म्हणजे शाल, श्रीफळ आणि फोटो. नॅकच्या फाईलला तो उपयोगी पडतो, पण पैशाचं किंवा मालकीचं त्यात सहसा काही नसतं. खरे करार साधारण चार: सल्लासेवा, कंपनीनं पैसे देऊन करवून घेतलेलं संशोधन, संयुक्त संशोधन आणि तंत्रज्ञानाचा परवाना. सल्लासेवेत निकाल सहसा कंपनीचा असतो. म्हणून स्वतःचा नवा शोध सल्लासेवेच्या करारात घुसू देऊ नका. करारासोबत एक यादी जोडा: आमच्याकडे आधीपासून हे हे होतं.

सगळ्यात फसवी जागा आहे 'पेटंट दोघांच्या नावावर' ही. ऐकायला न्याय्य वाटतं. पण पेटंट कायद्याचं कलम ५० वाचा. वेगळं काही ठरलेलं नसेल तर प्रत्येक सहमालक ते पेटंट स्वतः वापरू शकतो आणि दुसऱ्याला हिशेब द्यायला बांधील नसतो. तिसऱ्याला परवाना द्यायचा तर मात्र दुसऱ्याची संमती लागते. आता विचार करा. कंपनीकडे कारखाना आहे, ती आजपासून माल काढेल आणि आपल्याला एक रुपया देणं लागणार नाही. विद्यापीठाकडे कारखाना नाही, त्याला फक्त परवाना देता येतो, आणि त्याची किल्ली कंपनीच्या खिशात. निम्मी मालकी मिळाली म्हणून पेढे वाटणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. संयुक्त मालकी घ्यायचीच असेल तर उत्पन्नाची वाटणी आणि परवान्याचा हक्क त्याच करारात लिहा.

निबंध छापण्याचा हक्कही लिहा. कंपनी म्हणेल, आम्हाला विचारल्याशिवाय छापू नका. ठीक आहे, मसुदा दाखवू. पण ठरावीक दिवसांत, समजा ६० दिवसांत, उत्तर आलं नाही तर आम्ही छापणार. विद्यार्थ्याचं पीएच.डी. कंपनीच्या मर्जीवर टांगू नका.

७. परवाना देताना

परवाना लेखीच हवा आणि पेटंट कार्यालयात त्याची नोंद करा. बोलणी 'एकट्यालाच हवा' इथे अडतात. एकट्याला द्यायला हरकत नाही, पण क्षेत्र आणि मुदत बांधा. कापडाच्या पाण्यासाठी एकाला दिला तरी चामड्याच्या पाण्यासाठीचा हक्क आपल्याकडे राहिला पाहिजे. आणि एवढ्या महिन्यांत पायलट, एवढ्या महिन्यांत विक्री, नाहीतर हक्क परत, हे कलम सोडू नका. काही कंपन्या तंत्रज्ञान घेतात ते कपाटात ठेवायला.

रॉयल्टी 'नफ्यावर' घेऊ नका. नफा कागदावर कसाही दाखवता येतो. विक्रीवर घ्या, आणि विक्री म्हणजे काय याची व्याख्या करा: जीएसटी आणि वाहतूक वजा जाता. दरवर्षीची किमान रक्कम ठरवा, हिशेब तपासायचा हक्क ठेवा. रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा, हे करारात नसेल तर तो विद्यापीठाच्याच अंगावर येतो.

८. स्वतःची कंपनी काढायची असेल तर

हा वेगळाच संसार आहे, थोडक्यात सांगते. केंद्राच्या २०१९ च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणानुसार प्राध्यापक आणि विद्यार्थी कंपनी काढू शकतात, आणि सोयी व नाव वापरू देण्याच्या बदल्यात संस्थेनं २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असं सुचवलं आहे. जैवतंत्रज्ञानाशी संबंधित काम असेल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं 'बिग' नावाचं अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं. पुण्याचं व्हेंचर सेंटर आणि पवईचं आयआयटीतलं साइन या नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या केंद्रांत आधी जाऊन बसा, तिथले लोक वेळ देतात. विद्यापीठाची लेखी परवानगी मात्र कंपनीच्या नोंदणीआधी घ्या, नंतर नाही.

९. फाईल हलवायची तयारी

करारावर सही प्राध्यापकाची चालत नाही. विद्यापीठाच्या वतीनं बहुधा कुलसचिवांची लागते. स्वतःच्या लेटरहेडवर करार करून बसलेले लोक आहेत. तो करार विद्यापीठाला बांधत नाही, तुम्हाला बांधतो. टिप्पणीसोबत हे एकदमच जोडा, म्हणजे त्रुटी काढून फाईल परत येणार नाही:

- शोधाचं प्रकटन : चार पानं, सगळ्या संशोधकांच्या सह्या, प्रत्येकाचा वाटा
- अनुदानाचं मंजुरीपत्र आणि संबंधित अटींवर खूण
- विद्यार्थ्यांची हक्कपत्रं
- पेटंट अर्जाची पावती आणि क्रमांक
- कराराचा मसुदा, विधी सल्लागाराच्या शेऱ्यासह
- कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी क्रमांक आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव
- पैसे कोणत्या लेखाशीर्षात जमा होणार आणि संशोधक, विभाग, विद्यापीठ यांत कसे वाटले जाणार

शेवटची ओळ आधीच ठरवा. आमचा पहिला हप्ता आला तेव्हा त्यासाठी लेखाशीर्षच नव्हतं. पैसे 'इतर जमा' मध्ये गेले, आणि ते बाहेर काढायला मला वित्त विभागाच्या इतक्या फेऱ्या पडल्या की तिथला शिपाई मला पाहिलं की आपोआप खुर्ची सरकवायला लागला.

१०. सही झाल्यावर

पेटंट मिळालं की ते जिवंत ठेवायची फी असते, अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासूनची. सवलतीत सुरुवातीला वर्षाला ८०० रुपये, पुढे वाढत जाऊन शेवटच्या पाच वर्षांत ८,०००. रक्कम क्षुल्लक, पण अधिकारी बदलतो, पत्र कुठल्याशा टेबलावर पडतं आणि पेटंट मरतं. बंद पडल्यापासून अठरा महिन्यांत ते पुन्हा जिवंत करायला अर्ज करता येतो, पण तोवर कंपनी रॉयल्टी थांबवून बसलेली असते. पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे की नाही याचं निवेदनही, फॉर्म २७, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यावं लागतं. या तारखा मी माझ्या फोनमध्ये, समन्वयकाच्या फोनमध्ये आणि विभागातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवल्या आहेत. फळा पुसणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवलंय, तेवढा कोपरा सोडा म्हणून.